दारावरचा कागद

नाही, चिकटवायला माझी ना नव्हती हो, पण तुम्हाला सांगते, गोंद कसला लावावा माणसाने? दारावरच्या शुभ-लाभातलं शुभ अख्खं त्या कागदाखाली गेलं. उरलं नुसतं लाभ, आणि लाभाच्या शेजारी बँकेची नोटीस... हप्ते थकलेत, साठ दिवसांत भरा, नाहीतर घर ताब्यात. आता दार कुणाचं? आमचं ना?

साकीनाक्याचं युनिट बंद पडलं म्हणून सहदेव, आमचे हे, चार महिने घरी. नोटिशीच्या आदल्या महिन्यात लागले कुठेतरी नव्या कामाला, पण कागदाला काय त्याचं? मी सातवी शिकलेली, कागद इंग्रजीत, तरी 'पझेशन' बरोबर वाचलं, कारण बिल्डरने चावी दिली तेव्हा हाच शब्द होता आणि भटवाडीभर पेढे वाटले होते आम्ही.

सासूबाईंना कळू नये, त्यांना बीपी, म्हणून मी कागदावर कॅलेंडर टांगलं. बाहेरून. शेजारची जया म्हणते, "दाराबाहेर कॅलेंडर कशाला गं?" म्हटलं, दूधवाल्याला तारीख कळावी म्हणून. तर म्हणते, "हा तर गेला महिना आहे." आता घाबरलेल्या बाईला महिना बघायचं सुचतं का? आणि दार कुणाचं? आमचं ना?

तर रविवारी बँकेचे परब साहेब, कागद चिकटवणारे तेच, हजर, दाराचा फोटो काढायला. "मॅडम, कॅलेंडर काढा, नोटीस दिसत नाही." म्हटलं, साहेब हळू, आत सासूबाई आहेत... तोवर आतून आवाज, "कोण इलोहा? बँकवालो मा? आत घे तेका, भायर कित्याक उभो केलंस?"

म्हणजे म्हातारीला सगळं ठाऊक. पहिल्याच दिवशी जयाकडून कागद वाचून घेतलेला, आणि तीच जया वर मला विचारते, कॅलेंडर कशाला! मी आपली पंधरा दिवस कॅलेंडर सरळ करत बसले.

त्यात अमावास्या. आमच्यात त्या दिवशी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. नवं काम, हे रविवारीही कामावर. होकार द्यायला घरात कोण? मी, कडेवर लेक अपूर्वा, आणि हातात चहाचा कप घेऊन परब साहेब.

सासूबाई सुरू. "बा देवा म्हाराजा, हप्ते चुकले ते आमचेच चुकले रे म्हाराजा."

आणि तुम्हाला सांगते, साहेबांनी कप खाली ठेवला. "व्हय म्हाराजा." मालवणकडचाच निघाला माणूस. लहानपणची सवय, जाते कुठे?

"झिलाक नवीन काम गावला, तेका मुदत गावांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ज्येनी कागद चिकटवल्यान, त्येच्याच हातान तो सुटांदे रे म्हाराजा."

साहेबांचं तोंड उघडं... "व्हय म्हाराजा."

मग घाम पुसत म्हणाले, "आजी, असा कागद काढता येत नाही मला. उद्या मुलाची पगाराची स्लिप घेऊन या, मुदत वाढवायचा अर्ज मी पुढे सरकवतो." आणि सरकवला हो. हप्ता लहान झाला, वर्षं वाढली. महिन्याभराने त्यांनीच येऊन कागद खरवडला, त्यात उरलेलं लाभही गेलं. निघताना चपलेत पाय घालता घालता थांबले. "आजी, बदलापूरला माझं घर आहे. दुसऱ्या बँकेचं कर्ज. माझ्याही दारावर..." आणि घातलेली चप्पल पुन्हा काढली.

आता दार कुणाचं? आमचंच, अजून अठरा वर्षं हप्त्याहप्त्याने आमचं. फक्त दर अमावास्येला देवापुढे दोन नारळ लागतात, दुसरा बदलापूरच्या दाराचा, त्याला साहेब जातीने हजर असतात, आणि दोन्ही नारळ आमच्याच खर्चाचे.