वेणूचं मत

एकोणीसशे सदुसष्टची निवडणूक आठवड्यावर आली होती. पनवेलच्या एसटी स्टँडवर माझ्यापुढे मावशी-भाचे उभे होते. भाच्याच्या एका हातात वर्तमानपत्र होतं, दुसऱ्या हातात लाठी.

“मावशे, अमेरिकेनं व्हिएतनाममंदी फौज घातलीय. लोकशाही आणाया.”

“आली?”

“वाटेत हाय. आजून बाँब टाकायचं काम चालू हाय.”

“बरं.”

“तसंच आपून करू. तुज्या वेणूचा सासरा तिला मत देऊ देत नाय ना? धा जण लाठ्या घेऊन जातो.”

“त्याला झोडपशील?”

“झोडपीन!”

“आन् सांजच्याला तू तुज्या घरी येशील. माजी लेक कुठं राहील?”

“…त्याच घरी.”

“मंग?”

“मंग गप बसायचं?”

“गप कोन बसतंय? मतपेटीची वाट तिच्या दारावरून जाते. आमी चाळीस बाया नवी लुगडी नेसून, ढोल वाजवत जानार. सासऱ्याला रामराम बी करनार.”

“तरी नाय सोडली तिला?”

“पाच वर्सांनी परत जाऊ. तवा तिची सासू पन नवं लुगडं नेसून उभी असंल.”

“आन् मी काय करू?”

“लाठी ठेव घरी. हात लईच शिवशिवत असतील, तर ढोल बडव.”