उतारावरची माती

माती तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंच्या पुढे एक दीर-भावजय उभे होते.

"भावोजी, डबा उघडून बघा तरी!"

"वहिनी, मातीत काय बघायचं?"

"आपल्या उतारावरची आहे."

"तिथे कुठली माती? सगळी ओढ्यात वाहून गेली."

"गेली होती. तुम्ही तिकडे फिरकला नाहीत; तीन वर्षं मी आडवे बांध घातले, गवत लावलं. बोट घाला आत."

"अरेच्चा! हे वळवळतंय काय?"

"गांडूळ! एक नाही, चार आहेत!"

"आणि मी तो तुकडा वीटभट्टीवाल्याला भट्टीच्या जागेसाठी द्यायला निघालो होतो!"

"आता वरच्या पट्ट्यातही बांध घालू. आराखडा तयार आहे, फक्त तुमची सही हवी."

"आणा इकडे! पेन कुठंय?"

मागच्या बाईंनी झटकन आपलं पेन पुढे केलं.