समोर कोण बसणार

सासरे: मग तू तोंडावर हात का ठेवलास?

सून: कधी?

सासरे: मी हत्ती उचलला तेव्हा. बळी देणार होतो त्याचा. पुढे सरळ मात होती. तेवढ्यात तू तोंडावर हात ठेवलास. उचललेला मोहरा हलवावा तर लागतोच, म्हणून मी तो एक घर मागे नेऊन ठेवला. तिथून डाव गेला.

सून: बाबा, पण त्याचा माझ्या हाताशी काय संबंध? मी आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरच्या बाजूने बसलेय. तो पडद्यावर सांगतो, मी मोहरा हलवते. त्याला हात नाहीत म्हणून माझे घेतलेत, एवढंच.

सासरे: हात त्याने घेतलेत. तोंड तुझंच आहे.

सून: म्हणजे?

सासरे: तुझ्या पडद्यावर आकडा असतो ना? कोण पुढे, कोण मागे? तू घाबरलीस. मी म्हटलं, पोरगी माझ्यासाठी घाबरली. म्हणजे इथे सापळा आहे.

सून: तुम्ही माझा चेहरा बघून खेळताय?

सासरे: मी सगळ्यांचाच बघून खेळतो. त्या मागच्या स्पर्धेतला दाढीवाला आठवतो? त्याला चांगली खेळी सुचली की कानाची पाळी लाल व्हायची. त्याच्या आधीचा तो लंबू, हरायला लागला की पाणी मागायचा. अर्धा डाव पटावर असतो, अर्धा समोरच्या खुर्चीत.

सून: म्हणून तुम्ही मला मागून घेतलंत! कंपनीत म्हणालात, घरचं माणूस समोर असलं की बरं वाटतं. साहेबांनी माझं अभिनंदन केलं, बाबा. पेपरात फोटो आला.

सासरे: बरं वाटतंच. तुझा चेहरा काचेचा आहे. दूध उतू जाणार हे दुधाच्या आधी तुझ्याकडे बघून कळतं.

सून: अहो, ही चोरी झाली!

सासरे: चोरी कसली? दार सताड उघडं ठेवलंस तर येणारा-जाणारा बघणारच.

सून: आणि माझी नोकरी? बाळंतपणाची रजा संपवून आत्ता कुठे रुजू झालेय. सगळे म्हणतील, सून सासऱ्याला फितूर झाली. आणि मला तर पत्ताही नाही!

सासरे: हळू बोल. भिंत पातळ आहे.

सून: भिंत पातळ आहे हे मला नका सांगू. पाच डाव मी त्या भिंतीकडेच कान लावून बसलेय.

सासरे: का?

सून: का म्हणजे? या हॉलच्या पलीकडच्या खोलीत आई बाळाला घेऊन बसल्यात ना! तुम्ही हत्ती उचललात आणि बाळ खोकलं. कोरडं. असा खोकला कालपर्यंत नव्हता. म्हणून हात तोंडावर गेला.

सासरे: आणि पडद्यावर काय होतं?

सून: मला काय माहीत! कुठला मोहरा कुठे ठेवायचा एवढं बघते. आकड्याकडे बघायला फुरसत आहे कुणाला?

सासरे: म्हणजे सापळा नव्हता.

सून: नव्हता. खोकला होता.

सासरे: हं. मग तिसऱ्या डावात हसलीस ती? मी म्हटलं, मशीनचं काहीतरी बिनसलं. तेव्हाच तर वजीर आत घुसवला. जिंकलो मी तो डाव.

सून: तेव्हा बाळ शिंकत होतं. लागोपाठ शिंकतं आणि मग स्वतःच दचकून गप्प बसतं. मला हसू आवरत नाही.

सासरे: त्या खेळीला पेपरवाल्यांनी दैवी म्हटलंय.

सून: आता त्याला मी काय करू?

सासरे: चौथ्यात सारखी दाराकडे बघत होतीस. मी म्हटलं, पोरीला हे बघवत नाही, आपलं काही खरं नाही. पटकन बरोबरी मागून मोकळा झालो.

सून: दुधाची वेळ टळून गेली होती.

सासरे: म्हणजे इतके दिवस मी त्या लेकराशी खेळतोय.

सून: आणि तरी बरोबरीत आहात. दोन तुमचे, दोन त्याचे, एक बरोबरीचा. आता हे हसण्यावारी नेऊ नका. शेवटचा डाव सुरू व्हायच्या आत पंचांना सांगा, समोरचं माणूस बदला म्हणून. तुम्ही सांगितलंत तर कारण विचारत नाहीत. नियम आहे. मी सांगितलं तर कंपनीला लेखी कारण द्यावं लागेल. काय लिहू? सासरे माझ्या तोंडाकडे बघतात?

सासरे: तसं लिहू नकोस. वेगळंच वाटेल.

सून: बाबा!

सासरे: अगं, समोर चेहरा नसेल तर मला खेळता येत नाही. अंधारात जिना उतरल्यासारखं वाटतं. आणि आज हरलो तर माझ्या बुद्धिबळाच्या वर्गातली पोरं काय म्हणतील? सरांपेक्षा मशीन बरं, ओरडत तरी नाही. वर्ग बंद होईल माझा.

सून: पण माझ्या चेहऱ्यावर तुमच्या कामाचं काही नाही, हे कळलं ना आता?

सासरे: कळलं. तेच तर बरं झालं. आता मी खोकला वजा करून बघीन.

सून: आणि खोकला नसताना घाबरले तर?

सासरे: खोकला नसताना कशाला घाबरशील?

सून: खोकला का थांबला म्हणून!

सासरे: ते मात्र अवघड आहे.

सून: आणि आता तुम्ही सांगून ठेवलंत. आता माझं तोंड सरळ राहायचं नाही. नाक खाजवलं तरी वाटेल, इशारा केला. हात जोडते, दुसरं कुणीतरी मागा.

(सासू झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन आत येते.)

सासू: झोपलं एकदाचं. काही नाही, बिस्किटाचा कण घशात गेला होता. खोकून खोकून काढला बाहेर.

सून: बिस्किट दिलंत?

सासू: दिलं नाही. माझ्या हातातलं घेतलं.

सून: पण डॉक्टरांनी सांगितलंय ना, अजून—

सासू: डॉक्टरांना म्हणावं, हात धरायला तुम्ही या. मूठ सुटता सुटत नाही कार्ट्याची. तुमचं काय चाललंय? दोघांची तोंडं का अशी?

सासरे: तोंडांचंच चाललंय. सूनबाई, सुचलं मला. ही बसेल तुझ्या जागी.

सासू: कुठे?

सून: कॉम्प्युटरच्या बाजूने, आई. बाबांच्या समोर. पडद्यावर चित्र येतं, तसा मोहरा ठेवायचा.

सासू: मला घोडा तेवढा ओळखता येतो. त्याला तोंड असतं म्हणून.

सासरे: पुरे झालं. पंचांची हरकत नसेल. आणि कुणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही, कारण हिचा चेहरा मला आजवर वाचता आलेला नाही. जेवण साधो की बिघडो, पाहुणे येवोत की जावोत, चेहरा एकच. भिंत परवडली.

सासू: भिंत म्हणे. पुस्तक कधी उघडलंच नाही आणि म्हणे वाचता येत नाही.

सासरे: घरात रोज समोर असतेस.

सासू: मी असते. तुम्ही असता पटात. जेवताना ताटाच्या अलीकडे पट, ताट पलीकडे. स्पर्धेला निघालात की मला काळजी लागते. दाराशी उभी असते मी. तुम्ही चपला घालता, मनातल्या मनात घोडे नाचवता, आणि खाली बघतच जिना उतरता.

सासरे: कधी बोलली नाहीस.

सासू: त्या दाढीवाल्याने सांगितलं होतं का तुम्हाला, माझी कानाची पाळी बघा म्हणून?

सून: आई, तुम्ही केव्हापासून ऐकताय?

सासू: भिंत पातळ आहे.

सासरे: जरा इकडे बघ.

सासू: बघतेय.

सासरे: सूनबाई, ही पण नको.

सून: का? आत्ताच म्हणालात ना, वाचता येत नाही?

सासरे: आता यायला लागलं.

सून: मग पंचांना काय सांगू? ते दारात उभे राहतील आता.

सासरे: कुणीही चालेल म्हणावं. तुमच्या कंपनीत ते हिशेब बघणारे गृहस्थ आहेत ना, बायको प्रसूत झाल्याचं सांगायलाही ज्यांनी अर्ज केला? त्यांना बसव. आणि तू या लेकराला घेऊन भिंतीपासून लांब जा.

सून: पण तुम्ही मग कुठे बघणार?

सासरे: पटाकडे. तिथेही काहीतरी असेलच.

सासू: म्हणजे मी जाऊ का घरी?

सासरे: तू पहिल्या रांगेत बस. डाव चालू असताना मी बघणार नाही. संपल्यावर वर बघीन.

सासू: जिंकलात तर फोटोवालेच गराडा घालतील. मी दिसणार आहे का त्यात?

सासरे: हरलो तर दिसशील.