मायच्या गल्लीतली सायकलवाट

मी महानंदा. निलंगा तालुक्यातलं माझं गाव, पण ते गाव आता न्हाई, भूकंपात गेलं. बाप आधीच वारलेला. मी तवा देवणीला मामाकडं गेल्ते म्हणून वाचले. माय आन् माझे दोन लहान भाऊ घरातच गेले, दगडाच्या भिंती बगा त्या. मामानंच वाढवलं, लगीन लावून दिलं. आता निलंग्यात बसस्टँडमागं पिको-फॉलचं दुकान हाय, नवरा चांगला हाय, पोरगी पुण्याला दिली. तिची गेअरची सायकल घरात पडून व्हती, म्हनलं गंजून कामून जाऊ द्यायची, घेतली मीच. साडीवर! लोक हसायचे, हसू द्या.

तवा बसवराज सर भेटले. शाळेत पीटीचे मास्तर, त्यांचा सायकलवाल्यांचा ग्रूप हाय. दर ऐतवारी हे लोक डोंगरावर सायकलीपुरती वाट करायला जातात. बाभळी तोडायच्या, दगुड सारायचे, पाणी जायला चर काढायचा. परवानगीसाठी सरांनी लई हेलपाटे घातले. फुकटचं काम, पण काय सांगू तुमाला, मला ते लई ग्वाड लागलं. मी बी जायला लागले. आन् वाट उतरत उतरत खाली कुठं निघाली म्हनता, आमच्या जुन्या गावात. सपाट, आयती गल्ली. इतक्या वर्सांत तिकडं पाय ठेवला नव्हता.

पहिल्यांदा सायकली सोडल्या तवा लातूरच्या ब्यांकेतली एक बाई पुढं व्हती. ती वापस आली, तोंड पांढरंफटक. म्हनली, गल्लीत ती बाई कोन हो, हात आडवा केला तिनं. सर म्हनले, तिथं कुनी राहत न्हाई मॅडम. ती म्हनली, व्हती हो, उंबऱ्यावर बसलेली, मेल्लग मेल्लग म्हनत व्हती, मेल्लग म्हंजे काय?

माझ्या मायचं माहेर मूळचं कर्नाटकातलं, तिच्या तोंडात अर्धं कानडी. भाऊ झोपले की ती उंबऱ्यावर बसायची, आन् कुनी सायकल पळवली की हात आडवा करून म्हनायची, मेल्लग, म्हंजे हळू, लेकरं निजलेत. हे मी नवऱ्याला बी कधी सांगितलेलं नव्हतं. त्या बाईला कुठून कळावं?

मग मी आन् सर गेलो बघायला. दुपारची येळ, फटफटीत ऊन, पाखरू बोलत नव्हतं. सायकल हातात धरून चालले. आमच्या घराचा नुसता उंबरा राहिलाय, मागं बोरी वाढल्यात. तिथं पुढचं चाक थांबलं. मागं सरतंय, पुढं जाईना. सरांनी उचलून फिरवलं, भर्रकन फिरलं. खाली टेकवलं, हलंना. सर म्हनले, चला ताई, मागं फिरू. मी म्हनलं थांबा, आन् उंबऱ्याकडं तोंड करून बोलले, माय, मी हाय, तुझी नंदी, आमी वाट दुसरीकडून नेतो. मला वाटलं रडू येईल, पन अंगावर काटा आला. चहूकडं पाचोळा, आन् तेवढाच उंबरा झाडलेला, आत्ताच सारवल्यावानी ओला.

ग्रूपमधी भांडनं झाली. उद्घाटन तोंडावर, नांदेडचे सायकलवाले येणार, पत्रिका वाटून झाल्या. हार्डवेअरवाले नागेशअण्णा लई तापले, भुताखेतासाठी वाट वळवायची का, म्हनले. सर म्हनले, भूत कशाचं अण्णा, ते ह्या ताईंचं घर हाय. दुसऱ्या ऐतवारी अण्णाच पहार घेऊन सगळ्यांच्या आधी आले. उद्घाटन पुढं ढकललं, नाल्याकडचा खडक फोडला, हाताला फोड आले सगळ्यांच्या.

आता वाट नाल्याकडून जाते. आवघड हाय, पडतात लोक, पन येतात, हैदराबादहून बी येतात. पावसात दगुड गडगडून येतात, ते सारायला मी अजून ऐतवारी जाते. गुडघा दुखतो, नवरा म्हनतो बास कर, मी म्हनते बघू. तुमी बी या एकदा, पान्याची बाटली आना, टोपी घाला. नाल्यापाशी उतरताना उजवीकडं आमची गल्ली दिसते, तेवढं तिकडं बघत बसू नका, समोर बघा. सुखरूप पोचा सगळे, बाबांनो, माझं येवढंच मागणं हाय.