वाकडं स्टीअरिंग

पावस गावाला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"वैनी, दादाच्या ट्रकचा स्टीअरिंग शाफ्ट बदलला ना?"

"बदलला गो. पण ट्रक सरळ जायचा आणि स्टीअरिंग वाकडं राहायचं. हे म्हणाले, विकूनच टाकू."

"मग?"

"अपघातापासून हे स्टीअरिंगला हात लावत नाहीत, तुला ठाऊक आहे. चालवते मीच. चाकं सरळ करून ट्रक उभा केला, स्टीअरिंग काढलं, बरोबर मधोमध बसवलं आणि नट आवळला."

"एकटीने?"

"हे अंगणात पाठ फिरवून उभे होते. सकाळी मी आंबा भरला, तर आपणहून शेजारी येऊन बसले."

"दादा? ट्रकमध्ये?"

"संगमेश्वरपर्यंत दार घट्ट धरून होते. पुढे चिपळूणपर्यंत गाढ झोपले."