शनिवारी लूम बंद

हॅलो?… हॅलो… हो, सुरैयाच. सलाम, भाई!… अरे हळू बोल ना, ओरडतोस कशाला? आज स्पष्ट येतंय ऐकू… हो, मलापण… काय?… कोण गेलं?

अरे कुणी नाही गेलं!

भाई, ऐक… ऐक ना. अब्बा चांगले आहेत. अम्मी आत भाकऱ्या थापतेय… आवाज देऊ तिला? बघ, आता तिचीच बडबड ऐकू येत असेल… अल्लाची कसम, घरातले सगळे धडधाकट आहेत.

हो. बंद आहेत खालचे लूम… सगळेच्या सगळे… हो रे, आज शनिवारच. कुवेतला बसून तुला बरं कळलं… नाही, वीज नाही गेली. संपही नाही… अब्बांनी बंद केले. स्वतःच्या हातानं.

काय?… ऐकूनच घाबरलास?

तेच तर. आपल्या गल्लीत जुम्मा सोडून लूम थांबले की माणसं डोक्यावर टोपी ठेवूनच बाहेर येतात, मय्यत कुठाय विचारत. तूपण तेच केलंस. गेलास सात समुद्रापार, पण कान भिवंडीतच ठेवून गेलास.

मॅच? फायनलची?… हो, त्याच्यासाठीच केलास ना फोन? मला माहीत होतं… ड्युटी होती? काहीच नाही कळलं?… नाही. नाही सांगणार.

अरे नाही म्हणजे नाही. मला मनाई आहे… कुणाची काय? अब्बांची. म्हणाले, "अय्यूबचा फोन आला तर निकाल सांगू नको, मला हाक मार."… हो. अय्यूब म्हणाले. नाव घेतलं, भाई. नाहीतर इतकी वर्षं नुसतं "तो कुवेतवाला".

थांब हां. अब्बाऽऽ! ओ अब्बा! भाईचा फोन!… येतायत. खाली कारागिरांना चहा पाजत बसलेत. आता त्यांचे गुडघे आणि आपला जिना, येतील सावकाश. तोवर मी सांगते ते गुपचूप ऐक… निकाल सोडून सगळं सांगते.

तर मी बसलेली टीव्हीला कान लावून. नेहमीसारखं. खाली खटखट, खटखट, टीव्ही फुल्ल केला तरी काय डोंबल ऐकू येणार! आपण टेनिस मुक्यानंच बघितलं ना जन्मभर? तू मला नाक्यावर नेऊन सायकलवाल्याच्या पेपरातला स्कोर समजावलास, तेवढीच आपली कॉमेंट्री… हो, हो, आठवतं. सगळं आठवतं.

तेवढ्यात अब्बा वर आले, चहाला. उभ्यानंच विचारलं, कोण खेळतंय? मी म्हटलं, तीच. म्हणाले, रडकी? म्हटलं, हो… भाई, मला वाटलं आता टीव्हीच बंद करतील. तिच्यापायी काय झालं ते मी विसरेन का? जिंकत आलेली बाई हात थरथरून हरली, टॉवेलात तोंड खुपसून रडली, आणि तू इकडं शिफ्ट सोडून तिच्यासाठी रडत बसलास. खाली लूमवर सुताच्या तारा तुटून अख्खा तागा वाया… हो, माहीत आहे, एकच तागा. पण अब्बांचा शब्द तर त्याहून मोठा निघाला ना? "हरणाऱ्यांच्या नादी लागलास. ही बाई जिंकेल त्या दिवशी येऊन मला सांग. तोवर तोंड दाखवू नको."… आणि तूही एक नंबरचा हट्टी. निघून गेलास ते गेलासच. ईदला फोन करतोस, आणि रिंग वाजली की अब्बांना नमाजाआधीचा वुजू आठवतो.

बरं, ऐक. ते गेले नाहीत. बशी हातात, चहा थंड. पहिला सेट आपल्या रडकीनं घेतला… हा काही निकाल नाही, हा पहिला सेट. दुसऱ्यातपण पुढं होती. आणि परत तेच, भाई. चेंडू उडवायला हात वर केला आणि बोटं कापतायत. मला दिसलं. अब्बांनापण दिसलं. ते एकदम पुढं वाकले, म्हणाले, "तार ढिली पडली हिची." आणि बशी ठेवून तडक खाली.

मला वाटलं, झालं. रागावले. आता परत एक गेम गेला तिचा…

आणि मग… कसं सांगू तुला? एकेक लूम थांबत गेला. आधी रस्त्याकडचे, मग मागचे. सगळ्यात शेवटी तो जिन्याखालचा, तुझा. आणि मग… काही नाही. काहीच नाही रे. माझ्या कानात नुसतं सूं… मी घाबरले. मलाच वाटलं, मी मेले की काय!

आणि त्या शांततेत टीव्हीतून आवाज आला. टक… टक… टक…

चेंडू, भाई! चेंडूचा आवाज! असा असतो?… तू तिकडं ऐकला असशील. मी नव्हता ऐकला. असा कोरडा, गोल. आणि ती प्रत्येक फटक्याला श्वास टाकते, हां! अशी. एवढी वर्षं बघतेय तिला, आणि ती आवाज करते हेच मला ठाऊक नव्हतं. एवढ्या मोठ्या मैदानात एवढी माणसं, आणि एक खोकत नाही. माझ्या अंगावर काटा आला. अजून आहे, बघ.

अब्बा वर येऊन गालिच्यावर बसले. ऐकत. बघत नव्हते, डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "लूमवर एकटा धोटा चालला की असाच वाजतो. डावीकडनं उजवीकडं. आता हात बसला तिचा." आणि खरंच! कानानंच ओळखलं त्यांनी.

मग काय, लोक. सत्तारचाचा टोपी सावरत जिन्यात, "या अल्ला, कोण?" समोरच्या शांताबाई पदर तोंडाला लावून, डोळे आधीच ओले. "कोण गेलं गं सुरैया?" अब्बा डोळे न उघडता म्हणाले, "कोण न्हाय मेलं. बसा. आवाज करू नका."… हो! अब्बा! "आवाज करू नका!" ज्या माणसानं आपल्याला जन्मभर ओरडून बोलायला लावलं!

बसले ना सगळे. कारागीर दारात. आणि तो खुर्चीवरचा माणूस स्कोर सांगतो ना, "लव, लव", ते पहिल्यांदाच ऐकलं आम्ही. सत्तारचाचा म्हणाले, एवढ्या बायामाणसांत हा लव-लव काय करतोय? अब्बांनी असं बघितलं त्यांच्याकडे! तरी शांताबाई म्हणतातच, बिचारीनं एवढी मेहनत केली आणि शेवटी दिली काय तर चांदीची थाळी…

…अगं बाई.

नाही. मी काही नाही बोलले… थाळी दोघींनापण देतात… हो, हरणारीला छोटी… नाही, मोठी असं मी कुठं म्हटलं?… भाई… भाई, ओरडू नकोस ना… बाजूला तुझा सुपरवायझर असेल…

हो. हो रे, हो. जिंकली! जिंकली आपली रडकी!

ऐक, ऐक ना शेवटचा पॉइंट. हिनं मारला, समोरचीचा नेटमध्ये गेला, आणि ही उभीच. तिला कळेचना. मग असे दोन्ही हात डोक्याला लावले, आणि गवतावर बसलीच मटकन. आणि रडली. तशीच, हमसून हमसून, पण तोंड नाही लपवलं ह्यावेळी. अख्खं जग उभं राहून टाळ्या वाजवतंय आणि ही सगळ्यांसमोर रडतेय. शांताबाईंनी पदर लावला परत. म्हणाल्या, रडायचंच म्हणून आलेले, रडून घेते… मी? मी तर कधीचीच. मला वाटत होतं तू शेजारी आहेस. सारखं तुला कोपर मारायला हात जात होता…

अब्बा? अब्बा तसेच उठले, खाली गेले. कारागिरांतल्या इद्रीसनं विचारलं, "सेठ, चालू करूँ?" मी जिन्यात उभी होते, ऐकलं. म्हणाले, "नको. फोन येईल."

…काय?… तुझा का विचारतोस?

हो. तुझ्याच फोनसाठी बंद आहेत अजून.

बरं, आले. जिन्यावर आलेत. हे बघ, मी काही सांगितलं नाही हां! तुला काही माहीत नाही. कसम घाल… आता नाक पूस आधी. देते.

घ्या अब्बा… हो, तोच आहे… नाही ओ, काही नाही सांगितलं मी. उलटा धरलात. असा.

हॅलो… कोण, अय्यूब?… मी… मी म्हंजी, अब्बा.

…जेवलास?… हं… गर्मी हाय तिकडं?… हं. इकडं पन.

सुरैयानं काय सांगितलं?… काय न्हाय?… तुला मॅचचं काय ठावं न्हाय?… बरं. मग मी पन न्हाय सांगनार.

तवा ठरलं काय होतं? ती बाय जिंकली का तू येऊन मला सांगायचं. तू यायचं. फोनवर न्हाय ठरलेलं… हो ना?… मंग ये.

ये आनि सांग. बस माझ्यासमोर आनि पयल्यापासनं सांग… मला काय ठावं? मी कुठं बघितलं? मी खाली लूमवर होतो.

…

हॅलो?… अय्यूब?… सुरैया, लाइन गेली का गं?

न्हाय. हाय लाइन.

…

रड, बाला. रडून घे… लपवू नको. आज लूम बंद हायत. सगळं ऐकू येतंय मला.