बेस थांबल्यावरची चुळबुळ

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील मान्यवर, वाद्यवृंदातील सर्व वादक, आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि सतरंजीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत दाटीवाटीने बसलेल्या लहानथोर रसिकहो,

आज वाद्यवृंदातून निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्तींना मुलं बेसकाका म्हणतात, मीही तेच म्हणतो. मी प्राथमिक शाळेत भाषेचा मास्तर होतो. कवितेच्या तासाला जगलो, बाकीचे तास निभावून नेले. त्यामुळे बोलता बोलता वाहवत जातो. जाऊ द्या थोडं, काठाला लागेन.

दरवर्षी एका सकाळी वाद्यवृंद आमच्या शाळेच्या सभागृहात यायचा. आठवतात ना ते उन्हाचे तिरपे पट्टे, त्यांत तरंगणारी धूळ? आणि दारातून आडवा होऊन येणारा, माणसाहून उंच, खर्जात घुमणारा तो डबल बेस! जणू थोरल्या आत्याला दोन भाचे सांभाळून आत आणताहेत. एकदा पहिलीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, यात कोण राहतं?" काका गंभीरपणे म्हणाले, "भाडेकरू शोधतोय." तिने फटीतून आत डोकावून पाहिलं आणि मैत्रिणीला जाऊन सांगितलं की अंधार आहे, पण जागा ऐसपैस आहे.

मग खेळ सुरू व्हायचा. मुलांनी डोळे मिटायचे, सगळ्यांनी मिळून वाजवायचं आणि मध्येच एका वादकाने थांबायचं. कोण थांबलं ते ओळखून मुलांनी हात वर करायचा. बासरी थांबली की हात वर. ट्रंपेट थांबला की हात वर, शिवाय आरडाओरडा. आणि डबल बेस थांबला की? एकही हात नाही. वर्षानुवर्षं.

काका हसायचे. घराचा पाया बघायला कोण पाहुणा येतो, असं म्हणायचे. पण गज पेटीत ठेवताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. गेल्या महिन्यात त्यांनी समितीला पत्र दिलं, की माझ्यानंतर मुलांच्या कार्यक्रमाला बेसवादक नेमू नका. तो थांबलेला मुलांना कळतही नाही, मग एवढं ओझं जिने कशाला चढवायचं? अध्यक्षबाई आज त्यावर निर्णय सांगणार आहेत. म्हणून हट्टाने मी आधी बोलायची परवानगी मागितली.

यंदा मी नातीचा हात धरून त्या कार्यक्रमाला गेलो. मुलांमध्येच मांडी घातली, डोळे मिटले. सूर वाहू लागले आणि मी पोचलो माझ्या जुन्या वर्गात. पोरं कविता म्हणताहेत; पुढची बाकं उंच आवाजात, आणि मागे एक घोगऱ्या गळ्याचा मुलगा, ज्याला एकही ओळ पाठ नाही, नुसता हुंकार देतोय. त्या हुंकारावर सगळी कविता तरंगते आहे. एकाएकी वर्ग विरून गेला. मला बसवेना. मांडी बदलली, गुडघा चोळला, उगाच खाकरलो. नात कानाशी कुजबुजली, "आजोबा, चुळबुळ करू नका. बाई रागावतात."

मी डोळे उघडले. काकांचा गज थांबला होता. आणि सतरंजीभर मुलं मिटल्या डोळ्यांनी हलत होती. कोणी शेजाऱ्याला चिकटत होतं, कोणी तळहाताने जमीन चाचपत होतं. दाराशी त्यांच्या बाई तोंडावर बोट ठेवून उभ्या होत्या. तिथेच, अगदी तसाच, मी अकरा वर्षं उभा होतो. दरवर्षी नेमक्या याच क्षणी मुलं हलायची आणि दरवर्षी मी दटावायचो: हाताची घडी, तोंडावर बोट. घडी घातलेल्या हातांनी हात वर कसा करायचा, हे काही मास्तरांना सुचलं नाही.

काकांनी पुन्हा गज टेकवला, तशी सतरंजी निवांत झाली. कोणाला दटावावं लागलं नाही.

काका, काय गेलं त्याचं नाव मुलांना ठाऊक नव्हतं, पण काहीतरी गेलं हे त्यांना दरवेळी कळत होतं. तुमच्या पत्रातलं ते वाक्य चुकलं आहे, आणि ते चुकायला कारण मी आहे. अध्यक्षबाई, ही जागा रिकामी ठेवू नका, एवढंच मागणं. जिन्यावर वाद्य उचलायला माणूस हवा असेल तर माझे गुडघे गेलेत, पण जावई धडधाकट आहे. त्याला अजून विचारलेलं नाही.

मला बोलू दिलंत, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. एक माफी मात्र वेगळी मागायची आहे. माझे जुने विद्यार्थी आज मागच्या रांगांत आईबाप होऊन बसलेत. बाळांनो, तुमचं उत्तर बरोबर होतं. मला ते तपासता आलं नाही.